आपण, आम्ही

मरोळला गाळा नंबर चौदा होता तेव्हा
पगार मी पाकिटात घालून द्यायचे.
नऊ पाकिटं. केयूरचं सगळ्यात पातळ,
एखाद्या महिन्यात नुसतंच पाकीट.
खाली रबरी वॉशरचा कारखाना,
डब्यातल्या भेंडीलाही तो वास लागायचा.
नऊ माणसांत चमचे पाच,
म्हणून जेवण दोन पंगतींत.
केयूर दुसऱ्या पंगतीला. नेहमी.

औषधांच्या दुकानांची बिलं करायचं आपलं सॉफ्टवेअर
जोगेश्वरीत एका केमिस्टकडे बंद पडलं,
रात्री साडेअकराला तो म्हणाला,
"आपलं चुकलंय. आपण जाऊ."
मी हिशेबातली, माझा तिथे काय उपयोग,
तरी गेले.
गावडे स्कूटरवर मागे, मांडीवर मॉनिटर धरून.

आता कांजूरला अकरावा मजला.
चारशे बारा माणसं. चमचे लाकडाचे,
वापरायचे आणि टाकायचे, मोजत कोणी नाही.
माझ्या कार्डावर अजून शून्य शून्य चार,
नवी मुलं ते हातात घेऊन बघतात
बंद झालेल्या नाण्यासारखं.
केयूरला केयूरच म्हणायचं, असं आता धोरणात लिहिलंय.
पूर्वी लिहिलेलं नव्हतं. म्हणत होतोच.

दर तिमाहीला एक प्रश्नावली येते:
तुम्हाला इथे मोकळेपणी बोलता येतं का, एक ते पाच.
नाव गुप्त राहील.
लिंकच्या शेपटाला माझा नंबर लटकलेला दिसतो.
मी सगळ्याला चार देते.
रुबिनाने एकदा दोन दिले,
तर मॅनेजर तिला कॉफीला घेऊन गेला
आणि अर्धा तास विचारत राहिला,
घरी सगळं ठीक आहे ना.

मार्चमधल्या सभेत केयूर स्टेजवर, कॉलरला इवलासा माइक.
आधी इंग्रजीत बोलला. इंग्रजीत सोय असते,
एकच शब्द, वी,
त्यात आपण धरलेले आहोत की नाही, कळत नाही.
मग जुन्यांच्या रांगेकडे बघून मराठीत म्हणाला,
"आम्ही खूप विचार करून ठरवलंय."

आम्ही.
चौथीत गोगटे बाईंनी फळ्यावर लिहून दिलं होतं:
ऐकणाऱ्याला धरून, आपण.
ऐकणाऱ्याला सोडून, आम्ही.
केयूरच्या घरी गुजराती,
पण तिथेही हे दोन शब्द वेगळेच आहेत.
म्हणजे चुकून नाही.

एकतीस नावं.
शीट माझ्याकडेच आली, हिशेबाला, गुप्त म्हणून.
ग्रॅच्युइटी, उरलेल्या रजा, नोटिशीचे दिवस.
पहिल्या ओळीत सूत्र घातलं आणि खाली ओढलं,
एकतिसाव्यापर्यंत पोचायला बोटाला एक सेकंद लागतो.
नवव्या ओळीत गावडे.
कारण: भूमिका उरलेली नाही.
त्या दुपारी मी गावड्यांसोबत जेवले.
त्यांनी सोलकढी आणली होती.
मी म्हटलं, छान झालीय.

शुक्रवारी ते माझ्या टेबलाशी आले.
लॅपटॉप त्यांना कधी मिळालाच नव्हता.
कार्ड, सिम, लॉकर. सही.
मग पँटच्या खिशातून किल्ली काढली,
गाळ्याच्या शटरची, सुतळी ओवलेली.
गाळा सोडून सहा वर्षं झाली.
"हीपण घ्या. उगाच नंतर माझ्या नावावर नको."
फॉर्मवर किल्लीला रकाना नाही.
तळाशी मी पेनाने लिहिलं: किल्ली, एक.
त्यांनी ते वाचून बघितलं, मगच गेले.
केयूर विमानात होता.
उतरल्यावर ग्रुपवर जोडलेले हात पाठवले.

सोमवारी एक मुलगा आला, सहाशे चाळीस नंबरचा,
गळ्यातल्या पट्ट्याची घडी अजून मोडलेली नाही.
"मॅडम, आपल्याकडे चहा कुठे मिळतो?"
मी बघत राहिले, जरा जास्तच वेळ,
त्याला वाटलं, काहीतरी चुकलं.
"तिकडे," म्हटलं. "मशीन आहे.
कार्ड लावावं लागतं."